मासे दाखवणारे यंत्र आणि तांडेलाचा दगड

एकदा एक माणूस भर खाडीत, लख्ख उन्हात, सलग तीन दिवस डावीकडे वळत होता.

पहिल्या दिवशी वेळशेतच्या काठावर जाळी विणत बसलेल्या लोकांना वाटले, त्याचे वल्हे एका बाजूने हलके असेल. दुसऱ्या दिवशी वाटले, माणूसच एका बाजूने हलका असावा. तिसऱ्या दिवशी काठावर जत्रेसारखी माणसे जमली. असे सांगतात, की त्याच्या त्या घिरट्यांनी खाडीच्या मधोमध पाण्याला असा खळगा पडला, की पैलतीराच्या बदकांनी दोन दिवस पाण्यात पाऊल घातले नाही. बदकांचे सोडा, पण माणूस डावीकडे वळत होता, एवढे खरे.

त्याचे नाव हरेश्वर. वय पन्नाशीला टेकलेले. अठरा वर्षे तो समुद्रावर होता, आणि समुद्र त्याने जवळजवळ पाहिलाच नव्हता. मालवाहू जहाजाच्या अगदी तळाशी, इंजिनखोलीत, यंत्रांना तेल घालण्याचे आणि तबकड्यांवरचे काटे वाचण्याचे काम त्याच्याकडे होते. समुद्र तो पत्र्याच्या पलीकडून ऐकत असे. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, जे काही काटा दाखवील ते त्या क्षणी सत्य, ही त्याची निष्ठा. काट्याने त्याला कधी फसवले नव्हते. माणसांनी एकदोनदा फसवले असेल. पण माणसांच्या अंगावर काटे बसवलेले नसतात, त्याला तो बिचारा काय करणार.

वर्षातून एक महिना तो घरी येई. येताना मुलीसाठी, दर्पणासाठी, चपला आणी. मागच्या सुटीत पाहिलेल्या पावलाच्या मापाने. त्या दर वेळी बोटभर आखूड होत. मग तिचा मामा भिकाजी नव्या आणून देई, आणि हरेश्वराच्या चपला शेजारच्या लहान मुलीकडे जात. त्या शेजारणीचे सगळे बालपण परदेशी चपलांत गेले.

आता हरेश्वर कायमचा परतला होता, आणि दर्पणाचे लग्न पैलतीराच्या गावात ठरले होते. या दोन काठांमध्ये एक जुनी रीत होती. लग्नाचा शब्द पक्का करायच्या दिवशी मुलीच्या बापाने हातभर लांबीचा जिताडा व्याह्याच्या दारी न्यायचा. जिताडा हा खाडीतला मोठा मानी मासा. तो गळाने धरलेला हवा, आणि बापाने एकट्याने धरलेला हवा. जाळ्यातला चालत नाही. बाजारातला तर व्याह्याचे मांजरसुद्धा हुंगत नाही. बापाला जमलेच नाही तर मामाने धरावा. त्यात कमीपणा काही नाही, असे सगळे म्हणतात. फक्त ज्याचा मासा, तो त्या दिवशी मुलीच्या उजव्या अंगाला बसतो आणि लग्नातही तिथेच बसून तिचा हात नवऱ्या मुलाच्या हातात देतो. दुसरा मांडवात पाहुण्यांना पाणी विचारत फिरतो.

शब्द पक्का करायचा दिवस रविवार होता. भिकाजीला जिताडा म्हणजे डाव्या हातचा खेळ. एकदा त्याने परसातल्या विहिरीत गळ टाकून खाडीतला जिताडा ओढून काढला होता. या घटनेला साक्षीदार एकच, खुद्द भिकाजी. हरेश्वराला मात्र गळाला कोळंबी कशी लावतात हेही ठाऊक नव्हते. म्हणून उरलेल्या दहा दिवसांसाठी त्याने गुरू केला.

गुरू म्हणजे धाकू तांडेल, होड्यांवरचा जुना म्होरक्या. नाव धाकू, आणि वयाने अख्ख्या काठावर थोरला. त्याच्याविषयी असे सांगत, की तो तरुणपणी खाडीच्या तोंडाशी उभा राहून नुसता खाकरला, तरी बोय माशांचा कळप दुभंगून त्याच्या होडीला वाट देई. आता तो खाकरे तेव्हा फक्त सुना पाणी घेऊन येत.

"तांडेल, मला शिकवाल?" हरेश्वराने विचारले.

"काय?"

"जिताडा धरायला."

"किती दिवसांत?"

"दहा."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिले. "मला पंचवीस वर्षं लागली. पण मी काही जहाजावर नव्हतो. तू मासे दाखवणारं यंत्र आणलंयस म्हणे?"

हरेश्वर ओशाळला. त्याने खरेच एक नारिंगी रंगाची, दोघांना बसता येईल अशी प्लास्टिकची अरुंद होडी, कयाक, आणली होती, आणि तिच्यावर बसवायला ते यंत्र. म्हातारा आता यंत्रावर थुंकेल, पूर्वजांची नावे घेईल, अशी त्याची समजूत होती. तांडेल म्हणाला, "आण बघू. मलाही बघायचंय."

येथून हरेश्वराचा जो गोंधळ सुरू झाला, तो पुढे बरेच दिवस टिकला.

यंत्राचे भाग दोन. एक तळहाताएवढी चकती, जी पाण्यात आवाज सोडते आणि तळाला आपटून परत आलेला आवाज ऐकते. आणि एक पडदा, जो ऐकलेले चित्र करून दाखवतो. सोबतचे माहितीपुस्तक सोळा भाषांत होते, त्यांत मराठी नव्हती. हरेश्वराने चित्रांवरून काम भागवले.

"भोक कुठं पाडायचं?" तांडेलाने विचारले.

"भोक नाही पाडायचं. चकती आतून तळाला चिकटवायची. आवाज प्लास्टिकातून खाली जातो. मात्र मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर यंत्र बहिरं."

"हे बरं आहे," तांडेल म्हणाला. त्याने स्वतः चकती चिकटवायची लांबी मळली, बोटाने चेपून चेपून तिच्यातली हवा काढली, चकती तिच्यात बसवली आणि वर तळहात ठेवून तो तासभर तसाच बसला. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात. हरेश्वर म्हणाला, "तांडेल, एवढा वेळ नको, पाच मिनिटांत धरते ती." तांडेलाने डोळे मिटले होते. तो झोपला आहे की चकतीचे काही ऐकतो आहे, हे हरेश्वराला शेवटपर्यंत कळले नाही.

पडदा गुडघ्यांसमोर खांबावर बसला. बॅटरीला पाणी लागू नये म्हणून ती हरेश्वराने घरातल्या पोळ्यांच्या डब्यात घातली, झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढली, आणि ही गोष्ट बायकोला सांगायची राहून गेली.

"अहो, पोळ्यांचा डबा कुठाय?" गुलाबने दुपारी विचारले.

"त्यात बॅटरी आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग उद्यापासून बॅटरीच लाटून घाला."

गळाला कोळंबी लावायला शिकण्यात आणि यंत्र बसवण्यात पाच-सहा दिवस गेले. बुधवारी सकाळी तो कयाक घेऊन पाण्यात उतरला आणि त्याने गळ सोडला. पडदा उजळला. तळाची तपकिरी रेघ उमटली, आणि थोड्याच वेळात पडद्याच्या उजव्या कडेला एक सुबक चंद्रकोर उगवली. मासा.  चंद्रकोर हळूहळू डावीकडे सरकू लागली. म्हणजे मासा डावीकडे चालला. त्याने गळ वर ओढला आणि कयाक डावीकडे वळवली. चंद्रकोर आणखी डावीकडे गेली. तो आणखी वळला. चंद्रकोर पडद्याच्या डाव्या कडेपाशी पोहोचली आणि नाहीशी झाली. तोवर उजवीकडे दुसरी उगवली होती. तीही डावीकडेच निघाली.

संध्याकाळपर्यंत त्याने एकेचाळीस मासे पाहिले. एकेचाळीसच्या एकेचाळीस डावीकडे गेले. वेळशेतच्या खाडीतले मासे जन्मतःच डाव्या अंगाचे आहेत, अशा निष्कर्षाला तो आला. आणि जन्मभर काटे वाचलेल्या माणसाने एकेचाळीस वेळा पडताळून काढलेला निष्कर्ष चुकीचा कसा असेल?

तांडेल काठावर बसून पाहत होता. "तांडेल, मासे डावीकडे जातात," हरेश्वराने त्याला सांगितले.

"असं?"

"सगळे."

"मग तू पण जा," तांडेल म्हणाला, आणि विडी शोधू लागला.

गुरुवारीही तेच. शुक्रवारी भिकाजी आपली होडी घेऊन मुद्दाम जवळून गेला. माणूस वाईट नव्हता. पण मेहुण्याची थट्टा करायची संधी समोर चालून आली तर ती सोडावी, एवढा थोरही नव्हता.

"भावोजी, देवाला प्रदक्षिणा उजवी घालतात. तुम्ही डावी घालताय, म्हणून पावत नाही."

"मासे डावीकडे जातायत, मी काय करू?"

"माझ्या बाजूनं तर सरळ येतात बिचारे." भिकाजी जरा घुटमळला. मग थट्टेचा सूर सोडून म्हणाला, "रविवारी नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. मी पहाटे एक धरून ठेवतो. पोरगी काय, तुमची तीच माझी."

शेवटच्या वाक्यात काहीच खोटे नव्हते. म्हणूनच ते हरेश्वराला दिवसभर टोचत राहिले.

त्या संध्याकाळी दर्पणा तालुक्याच्या ग्रंथालयातून कामावरून आली. हरेश्वर ओसरीवर तिचीच वाट पाहत होता. परतल्यापासून रोज संध्याकाळी तो तिला काहीतरी विचारी. राहून गेलेले सगळे एकदा मुळापासून जाणून घ्यायचे, असे त्याने ठरवले होते.

"तू पोहायला कधी शिकलीस गं?"

"मामाला विचारा. तोच होता." तिच्या आवाजात राग नव्हता, माहिती होती.

"आणि हात मोडला होता ना तुझा? डावा?"

"उजवा, बाबा." ती पायरीवर टेकली. "उद्या अर्धी सुटी आहे मला. रविवारची साडी घ्यायला चाललेय. येता?"

"लहानपणी तुला निळा रंग आवडायचा, नाही? एक निळा झगा होता तुझा…"

"बाबा, येता का?"

"उद्या कसं जमेल. मासा राहिलाय ना अजून."

दर्पणाने मान हलवली आणि ती आत गेली. निळ्या झग्याला खिसे होते की नव्हते, हे आठवत हरेश्वर बाहेर बसून राहिला.

शनिवारी सकाळी तो काठावर आला, तेव्हा तांडेल आधीच कयाकच्या पुढच्या जागेवर बसला होता. मांडीवर डांबराचा छोटा डबा, एक झिजलेला कुंचला, आणि सुतळीला बांधलेला मुठीएवढा दगड.

"गळ घेऊ?" हरेश्वराने विचारले.

"राहू दे."

"उद्या रविवार आहे, तांडेल."

"आज शनिवार आहे. वल्हव."

खाडीच्या आत, जिथे खडक पाण्याखाली पायरीसारखा उतरतो, तिथे एक जुना खुंट होता. तांडेलाने कयाक त्या खुंटाला आवळून बांधली आणि यंत्र चालू करायला सांगितले. नाव तसूभर हलत नव्हती. हरेश्वराला काही कळेना. मासे शोधायला आलेला माणूस नाव बांधून कशाला ठेवील? आणि गळ आणायचा नव्हता, तर दगड कशाला आणला?

तांडेलाने दगड पाण्यात सोडला. सुतळी हातातून सरसर गेली.

"काय दिसतं?"

"उजव्या कडेला काहीतरी खाली जातंय," हरेश्वर म्हणाला. पडद्यावर एक तिरकी रेघ उमटत होती. तळापाशी जाऊन ती आडवी झाली.

तांडेलाने थोडा वेळ दगड तसाच लोंबकळू दिला. मग सुतळी ओढून तो वर काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. दगडातून पाणी ठिबकत होते.

"आता दगड कुठाय?"

"तुमच्या मांडीवर."

"माझ्याकडे बघून नको सांगू. यंत्रात बघून सांग."

हरेश्वराने पडद्याकडे पाहिले. तळापाशी दगडाची रेघ ठसठशीत दिसत होती, आणि ती हळूहळू डावीकडे सरकत होती.

"यंत्र म्हणतं पाण्यात आहे," तो म्हणाला. "तळाशी. डावीकडे चाललाय."

"मग जा त्याच्या मागे."

"कोणाच्या?"

"दगडाच्या. डावीकडे चाललाय ना? वल्हव."

शिष्याने गुरूची आज्ञा मोडू नये, म्हणून हरेश्वराने खरोखर वल्हे उचलले आणि डावीकडे दोन हात मारले. दोरी ताणली, कयाक गचका खाऊन जागीच थांबली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरून दगड घसरू लागला. तो त्याने शांतपणे धरला. हरेश्वर एकदा मांडीवरच्या ओल्या दगडाकडे पाही, एकदा पडद्यातल्या दगडाकडे. दोन दगड नव्हते. दगड एकच होता. तो दोन ठिकाणी होता. आणि त्यातल्या एका ठिकाणी तो आता नव्हताच. इंजिनखोलीत अठरा वर्षांत असा प्रकार एकदाही घडला नव्हता. काटा दाबाचा आकडा दाखवतो, तेव्हा दाब तिथेच असतो; कुणाच्या मांडीवर जाऊन बसत नाही.

तो या कोड्यात गुरफटलेला असतानाच तांडेल मागे वळला, त्याने डांबराचा डबा उघडला, कुंचला बुडवला, आणि त्या कोऱ्या करकरीत पडद्याला डाव्या कडेपासून डांबर फासायला सुरुवात केली.

"तांडेल, अहो, हे काय करताय?"

तांडेलाचा हात बोटीचे बूड रंगवणाऱ्याचा होता. चार फटकाऱ्यांत पडदा काळा झाला. उजव्या कडेला बोटभर रुंदीची एक उभी पट्टी तेवढी त्याने सोडली. मग कुंचला पाण्यात खळबळून त्याने डब्याला झाकण लावले.

हरेश्वर ओरडला. आवाज रडवेला होता. "यंत्र नको होतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं. मी नसतं बसवलं. उद्या माझ्या मुलीचा शब्द आहे. तुम्ही मला आंधळं केलंत."

"ओरडू नको, मासे ऐकतात," तांडेल म्हणाला. "परवा तू जेवायला गेलास, तेव्हा यंत्र चालूच ठेवून गेला होतास. मी बसलो होतो तुझ्या नावेत. काठाच्या खुंटाला बांधलेली होती. नाव जागची हलत नव्हती, आणि पडद्यात सगळं चाललं होतं. मासे चालले होते, शेवाळ चाललं होतं, सगळं डावीकडे. म्हटलं, पाणी तर भरतीचं उजवीकडे चढतंय. मग हे चालतंय काय?"

हरेश्वराने डांबर फासलेल्या पडद्याकडे पाहिले.

"तुझं यंत्र खोटारडं नाही, हरेश्वर. जे घडलं ते इमानेइतबारे सांगतं. पण ह्या उजव्या कडेला बोटभर जागा आहे ना, तेवढंच आत्ता. बाकी हे एवढं रुंद सगळं मघाशी. आणि मघाशीचं कसं असतं, ते मोठं असतं, रंगीत असतं, मांडी घालून निवांत बघत बसता येतं. आत्ता बापडं बोटभर. पापणी लवली की गेलं. म्हणून माणूस मघाशीकडे नाव वळवतो. तिथं पोचतो तर पाणी भलतंच. मग तो म्हणतो, मासा पळाला." तांडेलाने दगडाला सुतळी गुंडाळली. "तीन दिवसांत किती मासे गेले तुझ्या बुडाखालून?"

"शंभरावर असतील."

"ते खाली होते तेव्हा तुझा गळ कुठं होता?"

हरेश्वराने आठवून पाहिले. "वर. वळायचं म्हणजे गळ वर घ्यावा लागतो."

"मग मासा नाही पळाला," तांडेल म्हणाला. "तू पळालास."

दोघे दुपारपर्यंत त्या पट्टीकडे पाहत बसले. बोटभर पट्टीत एक चंद्रकोर उगवली आणि डांबराआड गेली. हरेश्वराचे हात सवयीने वल्ह्याकडे गेले होते. ते तो परत मागे घेत होता, तेवढ्यात त्याला एकाएकी त्या आखूड चपला आठवल्या. माशांच्या गोष्टीत चपला कुठून आल्या, हे त्याचे त्यालाच कळेना. मग थोडे थोडे कळू लागले, तसा तो डोके धरून बसला.

"हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत," तो शेवटी म्हणाला.

"ऐकलं असतंस? एकेचाळीस पुरावे होते तुझ्याकडे."

"किती वाजले असतील?"

"का रे?"

"दर्पणाला दुपारी साडी घ्यायला जायचंय."

तांडेलाने सूर्याकडे पाहिले. "सूर्य चांगलाच कलला. गेली असेल."

हरेश्वराने दोरी सोडली आणि तो असा वल्हवत सुटला, की म्हणतात, कयाक पाण्याला टेकतच नव्हती आणि म्हातारा पुढच्या जागेवर दोन्ही हातांनी आपली टोपी धरून बसला होता. तो पोचला तेव्हा दर्पणा मामाबरोबर निघून गेली होती. तांडेलाचे म्हणणे किती अचूक आहे, याचा तो आणखी एक पुरावा. आणि तो हरेश्वराला मुळीच नको होता.

रविवारी पहाट फुटताच तो त्या खुंटापाशी होता. दोरी आवळली, कोळंबी लावली, गळ सरळ खाली सोडला. बोटभर पट्टीत काहीच नव्हते. मग एक चंद्रकोर आली, डांबराआड गेली. कुठे गेली? मान वळवून पाहावे असे त्याला फार वाटले. त्याने गळ हलवला नाही. दुसरी आली, गेली. भरती चढली, उन्हे वर आली, पैलतीरावरून ढोलाचा आवाज येऊ लागला. तिकडे भिकाजीने पहाटेच धरलेला जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला असणार, हे त्याला माहीत होते. एवढा वेळ एका जागी, काहीही न पडताळता, तो आयुष्यात बसला नव्हता. आपण शिकलो आहोत की फक्त दमलो आहोत, हेही त्याला समजत नव्हते.

भरतीचा जोर संपून पाणी क्षणभर निवले, तेव्हा पट्टीत एक कोर उगवली, आणि ती सरकण्याआधीच हातातली गळाची दोरी कुणीतरी हिसकली.

पुढचे वर्णन काठावर अजून रंगवून सांगतात. त्या जिताड्याने कयाकला खुंटाभोवती सात फेरे घालायला लावले, आणि सातही उजवे. हरेश्वराचे तळवे दोरीने सोलवटले. मासा वर आला तेव्हा तो हातभर नव्हता. हातभर आणि वर चार बोटे होता. तो पायांत घेऊन हरेश्वर काही वेळ नुसता बसून राहिला. मग त्याने खुंटाची दोरी सोडली आणि पैलतीराकडे वल्हे मारले.

व्याह्याच्या अंगणात सगळे जमले होते. गुलाब आणि दर्पणा भिकाजीच्या होडीतून केव्हाच पोहोचल्या होत्या. भिकाजी दाराशी उभा होता, त्याच्या हातात गोणपाटाचे ओले गाठोडे होते. ओलाचिंब हरेश्वर मासा खांद्यावर टाकून फाटकातून आला. भिकाजीने त्या माशाकडे पाहिले, मग त्याच्या सोलवटलेल्या हातांकडे पाहिले, आणि आपले गाठोडे भिंतीमागे नेऊन ठेवले.

आता येथे आणखी एक प्रघात असतो. घरातली सर्वांत वयस्क बाई उंबऱ्यावर बसून मुलीच्या बापाला विचारते, मासा कुठे मिळाला? आणि बापाने थोडे खोटे बोलावे, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. कुणी म्हणतो, खाडीच्या तोंडाशी, वादळात. कुणी म्हणतो, तीन कोस आत, मगरीच्या जबड्यातून. जेवढे अंतर लांब, तेवढा बापाचा जीव मोठा. लोक कान टवकारून ऐकतात आणि मग वर्षभर ती थाप एकमेकांना सांगतात.

व्याह्याची नव्वदीची आई उंबऱ्यावर बसली होती. तिने विचारले, "मासा कुठं गावला, व्याहीबुवा?"

 अठरा वर्षे जहाजावर काढलेला माणूस. आता तो निदान आफ्रिकेपासून तरी सुरुवात करील, असे सर्वांना वाटले.  त्याने दर्पणाकडे पाहिले. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"मी होतो तिथंच," तो म्हणाला.

लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते आले नाही. मागे कुणीतरी हसले आणि हसता हसता थांबले. म्हातारीने डोळे बारीक करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. तिने आयुष्यात अशी पुष्कळ उत्तरे ऐकली होती, आणि सगळी लांबची होती.

"मग इथंच बस," ती म्हणाली, आणि दर्पणाच्या उजव्या अंगाचा रिकामा पाट तिने काठीने थोडा पुढे सारला.